लीवर्ड: आडोशाची बाजू की धोक्याची?

(दर्या, जहाजं आणि बंदरं यांविषयी वाचक विचारतात, निवृत्त कॅप्टन उत्तर देतात.)

प्रश्न : कॅप्टनसाहेब, नमस्कार. मी वाईला राहते, हायस्कुलात भूगोल शिकवत असे. विंडवर्ड म्हणजे वाताभिमुख बाजू, लीवर्ड म्हणजे वातविन्मुख. विंडवर्डला पाऊस, लीवर्डला आडोसा आणि पर्जन्यछाया, असं मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतलं. आता नातू मर्चंट नेव्हीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतोय. त्याच्या पुस्तकात 'ली शोअर' म्हणजे ज्या किनाऱ्यावर वारा थडकतो तो किनारा, आणि जहाजांनी त्याच्यापासून लांब राहावं, असं लिहिलंय. माझ्या हिशेबाने वारा थडकतो ती बाजू विंडवर्ड! वर तो मलाच सांगतो, 'आजी, बोटीवर लीवर्ड म्हणतच नाहीत, लूअर्ड म्हणतात.' आमच्या दोघांत खरं कोण?

उत्तर : बाई, दोघंही खरे. फरक इतकाच की तुम्ही डोंगरावर उभ्या आहात आणि नातू जहाजावर.

जुन्या इंग्रजीत 'ली' म्हणजे आडोसा, निवारा. त्यावरून लीवर्ड. पण खलाशाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ फार कोरडा आहे: वारा ज्या दिशेला चाललाय ती दिशा. त्यात पाऊस नाही, डोंगर नाही आणि सुरक्षितपणाची हमी तर मुळीच नाही. वारा येतो ती बाजू विंडवर्ड, वारा जातो ती लीवर्ड. मात्र बाजू म्हटली की ती कशाची तरी असते. तुमच्या वर्गात ती डोंगराची होती. जहाजावर ती जहाजाची असते.

आता जुलै महिन्यात रत्नागिरीसमोर पाच-सहा मैलांवर एक जहाज आहे असं धरा. वारा पश्चिमेकडून येतोय. जहाजाच्या लीवर्डला काय आहे? पूर्वेला कोकणचा किनारा. म्हणून त्या जहाजासाठी तो किनारा 'ली शोअर'. त्याच क्षणी मिऱ्याच्या धक्क्यावर उभा असलेला माणूस म्हणणार, आमचा किनारा विंडवर्ड, बघा वारा कसा थेट तोंडावर येतोय. किनारा एक, वारा एक, आणि नावं उलटी. जहाजाच्या लीवर्डला असलेला किनारा हा जमिनीच्या विंडवर्डला असलेला किनारा असतो, हे वाक्य नातवाला वहीत लिहून घ्यायला सांगा.

'ली शोअर'ची एवढी धास्ती का, हे इंजिनाच्या जहाजावर वाढलेल्या आमच्या पिढीलाही शिकवावं लागलं. चौकोनी शिडांचं जुनं जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालू शकत नसे. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण सहा पॉइंट, म्हणजे सत्तर अंशांच्या आसपास बाजूला तोंड ठेवलं तरच शिडं भरायची. एवढं करूनही वारा जहाजाला कडेकडेने ढकलत राहायचा. वादळ सुटलं, लीवर्डला खडक आहेत आणि मध्ये समुद्र थोडा उरलाय, अशा वेळी कप्तानापुढे दोनच वाटा असत: शिडं फाटेपर्यंत किनाऱ्यापासून दूर जायची धडपड करायची, नाहीतर नांगर टाकून तो धरतोय का ते पाहायचं.

'रॉयल चार्टर' या जहाजाचं असंच झालं. ऑक्टोबर १८५९. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं लोखंडी जहाज, खाणींवरून परतणारे प्रवासी आणि त्यांनी कमावलेलं सोनं घेऊन. शिडांच्या जोडीला वाफेचं इंजिन होतं, पण अगदी बेताच्या ताकदीचं. वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ, घर हाकेवर आलेलं असताना, वादळ आलं आणि वारा पूर्वेकडून फिरत उत्तर-ईशान्येला गेला. क्षणात बेटाचा तो किनारा 'ली शोअर' झाला. दोन्ही नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर एकाची साखळी तुटली, थोड्या वेळाने दुसऱ्याची. वाऱ्याला धरायला काही राहू नये म्हणून डोलकाठ्या तोडून टाकल्या. तरी पहाटेपर्यंत जहाज मोइलव्ह्रा गावाजवळच्या खडकांवर होतं. सुमारे ४५० माणसं गेली, आणि किनारा इतका जवळ होता की गावकरी वाचलेल्यांना दोरीने ओढून घेत होते. ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय होते. डार्विन ज्या 'बीगल'वरून जगभर फिरला तिचे हेच कप्तान. या दुर्घटनेनंतर त्यांनी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था लावून धरली आणि १८६१ पासून बंदरांना इशारे जाऊ लागले. आज आपल्या बंदरावर बावटा चढतो तो याच कुळातला.

इतक्या लांब जायचं नसेल तर घरचं उदाहरण घ्या. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा अख्खा किनारा समुद्रावरच्या प्रत्येकासाठी 'ली शोअर' असतो. इंजिन बंद पडलं, नांगर घसरला, की जहाज शेवटी येणार आपल्याच दारात. २०११ मध्ये 'पवित' नावाचं लहान तेलवाहू जहाज जूनअखेर ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलं. माणसं वाचली. रिकामं जहाज मात्र कुणी न हाकता अरबी समुद्र ओलांडून आलं आणि ३१ जुलैला जुहूच्या वाळूवर चढलं. त्याच पावसाळ्यात जूनमध्ये भंगारात निघालेलं 'विस्डम' टोइंगचा दोर तुटून जुहूलाच लागलं होतं. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळात 'बसरा स्टार' मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन टेकलं ते रत्नागिरीकरांनी पुढे कित्येक दिवस पाहिलं. लोक म्हणतात, 'जहाजं इथेच कशी येतात?' वारा आणि लाट दोन्ही इकडेच चाललेली असताना दुसरीकडे जाणार कुठे?

पण 'ली' म्हणजे आडोसा हा मूळ अर्थ जहाजावर मेलेला नाही. उलट रोज वापरात आहे. बंदराजवळ पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात आणणारा वाटाड्या, घ्यायचा असतो तेव्हा रेडिओवर हुकूम येतो: शिडी अमुक बाजूला लावा, पाण्यापासून एक मीटर वर ठेवा आणि 'मेक अ गुड ली'. म्हणजे जहाज असं वळवा की वारा आणि लाट एका बाजूने अडेल आणि शिडीच्या बाजूला पाणी निवेल. पावसात दुचाकीवाला ट्रकच्या आडोशाने चालतो, तसा पायलटचा छोटा मचवा तीनशे मीटरच्या जहाजाच्या आडोशाला येतो. हे साधलं नाही तर मचवा एका लाटेला डेकच्या दिशेने उसळतो, पुढच्या लाटेला माणूसभर खाली जातो, आणि मध्ये दोराच्या शिडीवर पायलट लोंबकळत असतो. पावसाळ्यात मुंबईबाहेर हे दृश्य ज्याने पाहिलंय तो या कामाची चेष्टा करत नाही. समुद्रात पडलेल्या माणसासाठी बचावाची होडी उतरवायची तीही लीवर्डच्याच बाजूने.

बेटाच्या मागच्या आडोशाविषयी मात्र नातवाला सावध करा. बेट वारा अडवतं, लाटेला नेहमीच अडवत नाही. लांबून आलेली मोठी लाट बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून मागे शिरते. वारा पडलेला आणि जहाज मात्र सारखं डोलतंय, अशा नांगरवाड्यावर रात्र काढणं फार कंटाळवाणं.

तुमच्या भूगोलाबद्दल. सह्याद्रीचं उदाहरण तुम्ही मुलांना दिलं असणारच, आणि वाईला राहून ते देणं म्हणजे खिडकीबाहेर बोट दाखवणं. समुद्रावरून दमट हवा येते, घाटमाथ्यावर चढते, चढताना थंड होते, पाणी टाकते. माथा ओलांडून खाली उतरते तेव्हा दर किलोमीटरला दहा अंशांच्या आसपास तापत जाते, आणि तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पसरणी घाट उतरून तुमच्या वाईला आलं की सातशे-आठशेची गोष्ट. आणखी पूर्वेला माण-खटावात काय उरतं ते साताऱ्याच्या माणसाला मी काय सांगणार.

एकच जोड देतो. विंडवर्ड आणि लीवर्ड ही डोंगराची कायमची नावं नाहीत, त्या ऋतूतल्या वाऱ्याची आहेत. ऑक्टोबरनंतर वारा फिरून ईशान्येचा होतो. तो बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतो आणि जून-जुलैत आडोशाला कोरडी बसलेली चेन्नई ऑक्टोबर ते डिसेंबरात वर्षातला बराचसा पाऊस घेते. तेव्हा तो किनारा विंडवर्ड. नकाशावर शाईने 'लीवर्ड' लिहून ठेवणाऱ्या पाठ्यपुस्तकांवर माझा राग आहे तो यासाठी. शिसपेन्सिलीने लिहावं, आणि शेजारी महिना लिहावा.

उच्चाराचं म्हणाल तर नातवाला पैकीच्या पैकी. समुद्रावर 'लूअर्ड' असंच म्हणतात. हवामानाच्या पुस्तकात, बेटांच्या नावात आणि जमिनीवरच्या माणसांत 'लीवर्ड' चालतं, आणि शब्दकोश दोन्ही देतात. इंग्रज खलाशांनी आपले शब्द असेच चावून चावून गिळलेत. खलाशांच्या मुकादमाला लिहायचं 'बोटस्वेन', म्हणायचं 'बोसन'. लिहायचं 'फोरकासल', म्हणायचं 'फोक्सल'. 'गनवेल' लिहून 'गनल'. 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर आम्ही नवी पोरं पुस्तकात पाहून उच्चार करायचो आणि जुने बोसन तोंडावर हात ठेवून हसायचे.

प्रश्न : कॅप्टनकाका, मी डोंबिवलीची, टुरिझमचा कोर्स करते. कॅरिबियनच्या क्रूझवर प्रोजेक्ट आहे. एका माहितीपत्रकात सेंट मार्टेन बेट 'लीवर्ड आयलंड्स'मध्ये आहे, आणि एका डच माहितीपत्रकाच्या भाषांतरात तेच बेट 'विंडवर्ड'मध्ये. छापण्यात चूक आहे का? आणि लीवर्ड बेटं म्हणजे कमी पावसाची का?

उत्तर : चूक नाही. इंग्रज आणि डच यांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिलंय, इतकंच.

त्या समुद्रावर वर्षातला बहुतेक काळ ईशान्येकडून-पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. युरोपातून येणारी शिडाची जहाजं त्याच वाऱ्यावर यायची. बेटांची कमान वायव्येकडून आग्नेयेकडे आणि मग दक्षिणेकडे वळते. इंग्रजांनी तिचे दोन तुकडे केले. मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा हा दक्षिणेचा तुकडा वाऱ्याच्या जास्त तोंडावर, म्हणून विंडवर्ड. अँटिग्वा, सेंट किट्स, नेव्हिस, माँटसेरात हा वायव्येचा तुकडा वारा जातो त्या अंगाला, म्हणून लीवर्ड. डचांकडे दोन पुंजके होते. एक सेंट मार्टेन, साबा आणि सेंट युस्टेशियस यांचा. दुसरा पार पश्चिमेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत अरूबा, बोनेर आणि कुरसाओ यांचा. या दोघांत वाऱ्याकडचा पहिला, म्हणून तो त्यांचा विंडवर्ड, आणि व्हेनेझुएलाजवळचा लीवर्ड. तू प्रोजेक्टमध्ये दोन्ही लिही आणि कोणाच्या हिशेबाने ते शेजारी लिही.

कारभारासाठीही ही नावं वाकवली गेली. डॉमिनिका बेट ब्रिटिशांच्या लीवर्ड वसाहतीत होतं, ते १९४० मध्ये विंडवर्डमध्ये टाकलं. वारा त्या वर्षी बदलला नव्हता, फायली बदलल्या.

तुझ्या बाबांना विचार, त्यांना ही नावं क्रिकेटमुळे पाठ असतील. वेस्ट इंडीजच्या देशांतर्गत सामन्यांत या नावांचे संघ आहेत. विवियन रिचर्ड्स आणि कर्टली अँब्रोज अँटिग्वाचे, म्हणून लीवर्ड आयलंड्सचे. डॅरेन सॅमी सेंट लुसियाचा, म्हणून विंडवर्डचा.

पावसाचं म्हणशील तर, पुंजक्याच्या नावावरून पाऊस ठरत नाही. डोंगराळ बेट असेल तर त्या प्रत्येक बेटाला स्वतःची विंडवर्ड आणि लीवर्ड बाजू असते. सेंट व्हिन्सेंटवर तर किनाऱ्याच्या दोन रस्त्यांची नावंच विंडवर्ड हायवे आणि लीवर्ड हायवे आहेत. पूर्वेकडच्या बाजूला लाटा फुटतात, पश्चिमेला नांगर टाकायला शांत पाणी. कुरसाओ, अरूबा कोरडी आहेत, निवडुंग माजलेले.

ग्वादलूपची गंमत प्रोजेक्टमध्ये जरूर घाल. तिथे दोन मोठे भाग आहेत, बास-तेर आणि ग्रांद-तेर. फ्रेंचमध्ये शब्दशः पाहिलं तर 'खालची जमीन' आणि 'मोठी जमीन'. प्रत्यक्षात 'खालच्या' जमिनीवर १,४६७ मीटर उंचीचा सूफ्रिएर ज्वालामुखी उभा आहे, आणि 'मोठी' जमीन तिच्याहून लहान आणि सपाट. ही 'खालची' उंचीवरून नाही, वाऱ्यावरून आहे: वाऱ्याच्या खालच्या अंगाची, आडोशाची. डचही 'वरच्या वाऱ्याची बेटं' आणि 'खालच्या वाऱ्याची बेटं' असंच म्हणतात. क्रूझची जहाजं धक्का नसेल तिथे नांगर टाकून प्रवाशांना लहान बोटींनी उतरवतात, ते याच खालच्या अंगाला. वारा फिरला की तो थांबा रद्द होतो आणि लोक एजंटवर ओरडतात. हे तुला नोकरीत उपयोगी पडेल.

प्रश्न : मालवणात शिडाच्या होड्या चालवायला शिकतोय. समोरासमोर आल्यावर वाट कोणी द्यायची? आमचे शिक्षक 'विंडवर्डवाला हटेल' म्हणतात, पण दरवेळी तसं होत नाही.

उत्तर : शिक्षकांनी नियमाचा दुसरा अर्धा भाग सांगितलाय. आंतरराष्ट्रीय नियमावली १९७२ ची, नियम बारावा. आधी पाहायचं, दोघांना वारा कुठल्या अंगाने लागतोय. वेगवेगळ्या अंगांनी असेल तर ज्याला डावीकडून लागतोय त्याने हटायचं. दोघांनाही एकाच अंगाने असेल, तरच विंडवर्डवाल्याने लीवर्डवाल्याला वाट द्यायची. वाऱ्याकडची होडी आपल्या शिडाने खालच्या होडीचा वारा खाते, तेव्हा मोकळीक तिलाच जास्त असते. तुला वारा डावीकडून आहे, वाऱ्याच्या बाजूला एक होडी दिसतेय, पण तिचा वारा कुठल्या अंगाने आहे ते कळत नाही, तर तू हट. तोंडी परीक्षेत टेबलावर लाकडी होड्या ठेवून नेमकं हेच विचारतात. गंमत म्हणजे वाऱ्याची बाजू वाऱ्यावरून नाही, शिडावरून ठरवायची: मोठं शीड ज्या अंगाला आहे त्याच्या उलट अंग ते विंडवर्ड. आणि शीड वर असताना इंजिन चालू केलंस तर या नियमापुरती तुझी होडी शिडाची राहत नाही.

प्रश्न : मी नाशिकला बँकेत आहे. आमचे वरिष्ठ 'थोडा लीवे देतो' म्हणतात. याचा तुमच्या लीवर्डशी संबंध आहे का?

उत्तर : सख्खा. वारा जहाजाला लीवर्डच्या अंगाला जेवढं सरकवतो तेवढा 'लीवे'. तोंड उत्तरेकडे, वारा पश्चिमेचा, तर जहाज उत्तरेला न जाता थोडं पूर्वेकडे घसरत जातं. घसरण पाच अंशांची असेल तर खरोखर उत्तरेला जायला तोंड पाच अंश पश्चिमेला धरायचं. रिकामं तेलवाहू जहाज पाण्यावर उंच तरंगतं, कंटेनरवालं आणि मोटारी नेणारं जहाज तर भिंतीसारखं उभं असतं, त्यांना हे जास्त. जुनी मोजायची रीत अशी: मागे वळून जहाजाने पाण्यात सोडलेला माग पाहायचा. तो जहाजाच्या मधल्या रेषेशी जो कोन करतो तोच लीवे. उथळ पाण्यातल्या सपाट बुडाच्या डच होड्या तो कमी करायला लीवर्डच्या अंगाला एक मोठी फळी पाण्यात सोडतात, तिला लीबोर्ड म्हणतात.

धोक्याच्या जागेजवळून जाताना या घसरणीला जागा सोडावी लागते. तुमच्या वरिष्ठांचा 'लीवे' ही ती सोडलेली जागा. इंग्रजीत मात्र दुसरा वापरही आहे: 'लीवे भरून काढणे', म्हणजे मागे पडलेलं काम गाठणे. मार्चअखेरीस तो तुमच्या कानावर पडेल.